बर्फावरची घसरण, बांधावरची घसरण



आगाशीकडच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलाने टीव्हीवर बर्फाच्या डोंगरावरून पायांना लांब फळ्या बांधून भरधाव खाली येणारी माणसे पाहिली आणि आईच्या मागे प्रश्नांची भुणभुण लावली. बर्फ एवढा निसरडा का? ती माणसे भुसभुशीत बर्फात रुतत का नाहीत? आणि हवे तेव्हा थांबतात कशी? पत्राच्या शेवटी बाईंनी स्वतःचा एक प्रश्न जोडला आहे. त्या लिहितात, की खेळाचे राहू द्या, पण आमच्या सासूबाई गेल्या पावसाळ्यात मोरीच्या दारात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. त्या पुन्हा पडू नयेत यासाठी काही उपाय असेल तर तो आधी सांगा.

मायलेकांच्या प्रश्नांची उत्तरे एकाच शास्त्रात आहेत. म्हणून आजचा लेख खत-बियाण्याचा नाही. मृग तोंडावर आला आहे, तेव्हा घसरण्याविषयी बोलायला वेळही बरी आहे.

प्रथम मोजमाप समजून घेऊ. दोन पृष्ठभाग एकमेकांना जी पकड देतात तिला घर्षण म्हणतात. ते मोजायची सोपी रीत अशी: शंभर किलोची वस्तू सपाट जागेवर सरकत ठेवायला किती किलोची ओढ लागते ते पाहायचे. रबरी तळ कोरड्या सिमेंटच्या कोब्यावर ओढला तर साठ-सत्तर किलो लागतात. लाकडावर लाकूड ओढले तर तीस-चाळीस. बर्फावरच्या त्या फळ्यांना, म्हणजे स्कींना, पाचाच्या आसपास ओढ पुरते. आणि सपाट जागेवर साध्या चालीने चालायला माणसाला सुमारे वीसची पकड लागते. हा वीसचा आकडा ध्यानात ठेवा. पायाखालची पकड विसाच्या वर असेपर्यंत आपण चालतो, खाली गेली की घसरतो. पुढचा सगळा हिशेब याच आकड्याभोवती आहे.

आता वसईकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. केळीच्या सालीवरून पाय घसरतो हे आपल्या वाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक असते, पण किती घसरतो हे मोजायची बुद्धी जपानातल्या एका प्राध्यापकांना झाली. कितासातो विद्यापीठातील कियोशी माबुची आणि त्यांचे सहकारी यांनी साली जमिनीवर ठेवल्या, त्यांवर बूट घालून पाय दिला आणि घर्षण मोजले. आकडा आला सात! साल नसताना त्याच बुटाला त्याच फरशीवर चाळीसच्या आसपास पकड होती. सफरचंदाच्या आणि संत्र्याच्या जातीतल्या फळांच्या साली इतक्या निसरड्या निघाल्या नाहीत. या कामाला 2014 साली इग नोबेल पारितोषिक मिळाले. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक देतात. लोक हसले, पण आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सालीवर पाय पडलेला वसईकर आणि गुलमर्गच्या उतारावरचा खेळाडू यांच्या पायाखालची निसरड जवळजवळ सारखीच आहे. खेळाडू तयारीत असतो, आपण नसतो, एवढाच फरक.

साल घसरते कशाने? सालीच्या आतल्या अंगाला बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांत बुळबुळीत द्रव असतो. पायाचा दाब पडला की त्या फुटतात, द्रवाचा पातळ थर बुटाचा तळ आणि जमीन यांच्या मध्ये पसरतो आणि दोघांची गाठच पडू देत नाही. निसरड्याची बहुतेक उदाहरणे तपासा, अशीच निघतील. मोरीत साबणाचे पाणी, पायरीवर शेवाळ, बांधावर लोण्यासारखा चिखल, डांबरी रस्त्यावर पहिल्या सरीने भिजलेले तेल आणि धूळ. कुठेही पाहा, दोन पृष्ठभागांच्या मध्ये एक पातळ थर घुसलेला असतो. गाडीच्या आसाला आपण वंगण घालतो तेही हेच.

मग बर्फावर हा थर कुठून येतो? बर्फ तर घट्ट असतो. या साध्या प्रश्नावर शास्त्रज्ञ पावणेदोनशे वर्षे भांडत आहेत. आयर्लंडच्या जॉन जोली यांनी 1886 साली सांगितले, की दाबामुळे बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून माणूस घसरतो. शाळेच्या पुस्तकांतून हे उत्तर बरीच वर्षे चालले. पण हिशेब करून पाहा. बर्फाचा वितळण्याचा अंश दाबाने एका डिग्रीने उतरवायचा तर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 135 किलो दाब हवा. साठ किलोचा माणूस दोन स्कींवर उभा राहिला तर दर चौरस सेंटीमीटरवर जेमतेम 25 ग्रॅम पडतात. इतक्या दाबाने काय वितळणार?

पुढे 1939 साली बाउडेन आणि ह्यूज या दोघांनी स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोख या उंच ठिकाणी प्रयोग केले. त्यांचे म्हणणे, की घासण्याच्या उष्णतेने बर्फाचा वरचा पापुद्रा वितळतो. पुरावाही चांगला होता. धातूची पट्टी उष्णता लगेच ओढून घेते, म्हणून ती उष्णता न वाहणाऱ्या पट्टीपेक्षा कमी घसरली. पण बर्फावर नुसते उभे राहिले तरी पाय सटकतो, तेव्हा घासणे कुठे असते? त्याचे उत्तर मायकेल फॅरेडे यांनी त्याआधी 1850 सालीच सुचवले होते. बर्फाचा अगदी वरचा थर मुळातच अर्धवट पाण्यासारखा असतो, असे त्यांचे म्हणणे. आतल्या कणाला चारी बाजूंनी शेजारी धरून ठेवतात. वरच्याला वरून कोणीच धरणारे नाही, म्हणून तो सैल राहतो. 2018 साली युरोपातल्या संशोधकांनी मोजून दाखवले, की हे सैल कण बर्फावर गोट्यांसारखे फिरतात आणि उणे 7 अंशांच्या आसपास निसरड सर्वांत चांगली असते. 2025 साली जर्मनीच्या सारलँड विद्यापीठातून आणखी वेगळे मत आले, की वरून सरकणाऱ्या वस्तूच्या विद्युत्‌-ओढीनेच बर्फाच्या कणांची रांग विस्कटते. वाद चालू राहील. आपल्याला पुरेसे एवढेच, की बर्फ आपले वंगण स्वतःबरोबर बाळगतो.

फार थंडीत मात्र हे वंगण आटते. कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कडाक्याच्या थंडीत घसरगाडी ओढत होते, तेव्हा बर्फ वाळवंटातल्या वाळूसारखा अडवत होता. उलट बर्फ पाणचट झाला तरी फळी चिकटते. म्हणून खेळाडू हवा पाहून स्कीच्या तळाला वेगवेगळी मेणे लावतात. काही वर्षे फ्लोरिनयुक्त मेणांची चलती होती. ती रसायने माती-पाण्यात वर्षानुवर्षे टिकून राहतात म्हणून 2023-24 च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने त्यांच्यावर बंदी घातली. फवारणीच्या औषधांचे अंश जमिनीत राहतात तेव्हा आपण इतके जागे असतो का, हा प्रश्न येथे सहज मनात येतो. असो.

रुतण्याचा प्रश्न आपल्या पूर्वपट्टीतला, पारोळ-भाताण्याकडचा कोणीही भातशेतकरी चटकन सोडवील. चिखलणी झाली की चिखल सपाट करायला आपण बैलांमागे फळी ओढतो आणि वजनाला माणूस फळीवर उभा राहतो. तोच माणूस फळीवरून खाली उतरला तर गुडघाभर जातो. वजन तेच. पाऊल दीड-दोनशे चौरस सेंटीमीटरचे, सहा फूट लांब आणि वीतभर रुंद फळी मात्र साडेतीन हजारांच्या वर. भार विभागला जातो आणि चिखल तो पेलतो. स्कीचे हेच. पॉवर टिलरला चिखलात रबरी चाकाऐवजी लोखंडी पिंजऱ्याची रुंद चाके लावतात, त्यातही रुतणे कमी करण्याचा हा हिशेब आहेच. एक गैरसमज मात्र काढून टाकावा. फळी रुंद असल्याने रुतत नाही हे खरे, पण ती घसरते रुंदीमुळे नव्हे, मधल्या पाण्याच्या थरामुळे. खाचरात पाणी दोन बोटेही उरले नाही तर चिखल फळीला धरून बसतो आणि बैल माना टाकतात. दोन-तीन बोटे पाणी ठेवून फळी फिरवा, ती बर्फावरच्यासारखी जाईल. स्की खेळणारा मेण लावून जे साधतो ते आपण मोऱ्याचे तोंड उघडून-झाकून साधतो.

चिखलात फळीवर उभे राहून घसरण्याचा खेळही आपल्या किनाऱ्यावर आहे. दक्षिण कन्नड आणि उडुपीकडे रेड्यांच्या कंबळा शर्यती होतात. त्यांत ‘हलगे’ म्हणजे फळी हा एक प्रकारच आहे. माणूस फळीवर उभा आणि पुढे रेड्यांची जोडी. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिखलातल्या नांगरणीच्या स्पर्धा होतात त्याही याच घराण्यातल्या. बर्फावरचे म्हणाल तर 2022 साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान, आणि त्याचा खेळ स्कीचाच.

आता वजनाविषयी. पुष्कळांना वाटते, की जड माणूस पाय रोवून असतो, तो घसरत नाही. वजन वाढले की पकड वाढते, हे खरे. पण उतारावर खाली खेचणारी ओढही तितक्याच पटीने वाढते आणि हिशेब जिथल्या तिथे राहतो. पाचाच्या पकडीची स्की वीस हातांना एक हात उताराला सरकू लागते, मग वर पोर असो की पैलवान. वाऱ्याचा अडथळा आला की मात्र जड माणूस पुढे निघतो. फ्रान्सच्या सिमोन बिली यांनी 2023 साली ताशी 255 किलोमीटरपर्यंत वेग नेला. आपली विरार लोकल भरात असते तेव्हाही ताशी शंभराच्या आसपासच धावते.

थांबण्याचा प्रश्न राहिला. स्कीच्या कडेला लोखंडी धार असते. खेळाडू फळ्या उताराला आडव्या करतो, वरच्या कडेवर भार देतो आणि धार बर्फात रुतते. थर कापून खालचे घट्ट गाठायचे, ही युक्ती. ती आपल्याही कामाची आहे.

कारण आपली घसरण खेळाची नाही. घसरून म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की घरातले एक माणूस वर्षभर त्याच्यापाशी अडकते, आणि पुष्कळदा ते म्हातारे माणूस पुन्हा पहिल्यासारखे चालत नाही. आवणीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस बांधावरून पडून मनगट मोडून बसला तर रोपे तशीच पडून राहतात.

म्हणून चालण्यापासून सुरुवात करू. वीसची पकड लागते ती नेहमीच्या चालीला. ढांग लांब टाकली की टाच शरीराच्या फार पुढे, तिरकी टेकते आणि जमिनीला पुढे ढकलते, मग विसाहून जास्त पकड लागते. पावले आखूड टाका, पाऊल सपाट टेकवा, भार त्या पायाच्या बरोबर वर आणा. म्हणजे कमी पकडीवरही निभावते. निसरड्या बांधावर आपल्या आयाबाया डोक्यावर रोपांच्या मोळ्या घेऊन अशाच चालतात, त्यांना हे कोणी शिकवलेले नाही. घाईतले तरुणच पडतात. बांधाचा उतार पाच हातांना एक हात असेल तर उताराचे आणखी वीस धरा, म्हणजे चाळीसची पकड हवी. ओल्या मातीवर ती कुठून आणणार? तेथे स्कीवाल्यासारखे पाऊल उताराला आडवे टाकून उतरावे, म्हणजे पावलाची कड मातीत शिरते.

पाठीवर भरलेला फवारणी पंप वीसेक किलोचा होतो. त्याने पकड बिघडत नाही, हे वर पाहिलेच. पण भार उंचावर गेल्याने एकदा पाय सरकला की सावरायला अवसर मिळत नाही. निसरड्या दिवसांत पंप अर्धाच भरून दोन खेपा कराव्यात, वेळ जाईल तो जाऊ द्यावा. पायांत काय घालावे, असे विचाराल तर गमबूट. लेप्टोच्या भीतीने डॉक्टरही तेच सांगतात. मात्र तळाच्या खाचा शाबूत असाव्यात. खाचांतून पाणी-चिखल बाहेर पडतो आणि उंचवटे खालची जमीन गाठतात. टायरलाही खाचा त्यासाठीच असतात. खाचा झिजलेला गमबूट आणि गुळगुळीत टायर हे सख्खे भाऊ. रबरी सपाता वर्ष-दोन वर्षांत तळाला काचेसारख्या होतात. अंगठा तुटेपर्यंत वापरण्याची आपली रीत काटकसरीची खरी, पण म्हाताऱ्या माणसांच्या पायांत तरी त्या ठेवू नयेत.

नव्याने लिंपलेल्या बांधावर भाताचा तूस, राख किंवा जाड वाळू टाकावी. रेल्वेच्या इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात हे पुष्कळांना माहीत नसते. ओल्या रुळांवर चाक नुसतेच गरगरू लागले की चाकापुढे वाळू सोडतात. कण थर फोडतात आणि चाक रूळ धरते. आपला तूस तेच काम करतो. बांधावरची हरळी बुंध्यापर्यंत खरवडू नये, वरवर कापावी. तिच्या मुळांच्या जाळ्यात पायाची बोटे धरतात आणि बांधही धुपत नाही.

मोरीकडे येऊ. गुळगुळीत लादीवर ओले गोणपाट टाकण्याची पद्धत आहे, पण लादी आणि गोणपाट यांच्यात साबणाचे पाणी गेले की गोणपाटच माणसाला घेऊन जाते. त्यापेक्षा दगडाला टाकी लावून घ्यावी, पाट्या-वरवंट्याला लावतो तशी. नवे बांधकाम असेल तर मोरीत आणि मागच्या दारी खडबडीत लादी घालावी. चकचकीत लादी पाहुण्यांच्या खोलीत शोभते. मोरीच्या चौकटीला हात धरायला मजबूत दांडी ठोकून घ्यावी. ती सुताराच्या अर्ध्या दिवसाच्या कामात होते.

शेवाळावर वेगळे सांगायला हवे. अंगणातल्या आणि पायवाटेच्या शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासले की ते निघते, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा घासावे लागते. पण बावखलाच्या आणि विहिरीच्या पायऱ्यांवर ब्लीचिंग किंवा मोरचूद अजिबात टाकू नका. ते पाण्यात उतरते आणि मासे मरतात. तेथे नारळाचे सोडण आणि जाड वाळू घेऊन हातानेच घासावे. बायका कपडे धुतात त्या पायरीवर हे काम पावसाआधी आणि गणपतीआधी असे दोनदा तरी व्हावे. ज्याची वाडी त्यानेच करावे असे नाही, बावखल सगळ्यांचेच असते.

चिंचोटीचा धबधबा आणि तुंगारेश्वरचे ओढे यांविषयी थोडक्यात. तेथे पाय घसरून जीव गेल्याच्या बातम्या वसईत नव्या नाहीत. वाहत्या पाण्याखालच्या काळ्या कातळावर शेवाळाचा थर असतो, त्यावर पाण्याचा, आणि वरून प्रवाह पायाला ढकलत असतो. तेथे विसाचा हिशेब मांडूच नये. पोरांना सांगा, की पोहता येणे आणि कातळावर उभे राहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता सुकेळी करणाऱ्या घरांसाठी शेवटची सूचना. पिकलेली राजेळी सोलायला बसले की दुपारपर्यंत सालींचा ढीग लागतो आणि त्यातल्या चार-दोन साली अंगणाच्या वाटेवर येतातच. सोलणाऱ्याने शेजारी टोपली ठेवावी आणि साल तिच्यातच टाकावी. साल वाळली की आतला बुळबुळीत द्रव राहत नाही, पण ओली साल सावलीत बराच वेळ तशीच राहते. सालीत पालाश भरपूर असतो. संध्याकाळी टोपली उचलून केळीच्याच बुंध्यापासून हातभर अंतरावर चर काढून त्यात साली पुराव्यात आणि वर माती ओढावी.